हैतीचा ठेका आणि वऱ्हाडची वरात

कॅरिबियन समुद्रातील हैती या लहानशा देशात 1955 ते 1980 या काळात जे नृत्यसंगीत ध्वनिमुद्रित झाले, त्याच्या जुन्या तबकड्या अलीकडे पुन्हा काढल्या जात आहेत आणि ज्यांनी हैती नकाशावरही कधी शोधला नसेल असे श्रोते त्या आवडीने ऐकत आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, खामगाव किंवा मेहकर येथील माणसाचा या संगीताशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तरीही लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटातील एखादे गाणे धरले आणि नवरदेवापुढे काका-मामांनी दोन पावले पुढे, दोन पावले मागे असा नाच सुरू केला, की त्यांच्या पायांत जो ठेका उतरतो त्याचे एक मूळ कॅरिबियन बेटांत आणि त्यातही एका अंगाने थेट हैतीतच सापडते. हा ठेका इतक्या दूरवर कसा आला, आणि आल्यावर तो वऱ्हाडातल्या कानांना परका का वाटला नाही, हे समजले तर या जुन्या नृत्यसंगीताची मोहिनी कशात आहे याचाही उलगडा होतो.

हैती ही अठराव्या शतकात सेंट-डोमिंग या नावाची फ्रेंच वसाहत होती आणि तिथले उसाचे व कॉफीचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. 1791 मध्ये या गुलामांनी उठाव केला आणि 1804 मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र झाले. गुलामांनी स्वतः लढून मिळवलेले असे दुसरे राष्ट्र जगाच्या इतिहासात नाही. या देशाच्या संगीतात त्यामुळे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत राहिले. मळेवाल्यांच्या दिवाणखान्यातून आलेला, जोडीने नाचायचा, मेरांग नावाचा डौलदार नृत्यप्रकार हा एक. आणि आफ्रिकी देवतांच्या उपासनेत, म्हणजे वूडू या लोकधर्मात, वाजणाऱ्या ढोलांचा दुसरा. शहरातल्या उच्चभ्रू मंडळींना पहिला प्रवाह आपला वाटे आणि दुसऱ्याची लाज वाटे. 1941-42 मध्ये तर कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळाने अंधश्रद्धाविरोधी मोहीम काढून वूडूचे असंख्य ढोल जाळून टाकले. पण त्याच दशकात पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीतील ‘जॅझ दे जन’ या वाद्यवृंदाने सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांच्या जोडीला तेच उपासनेचे ठेके आणून बसवले, आणि ज्या तालांना दिवाणखान्यात मज्जाव होता त्यांवर शहर नाचू लागले. अमेरिकेने 1915 ते 1934 या काळात हैती ताब्यात ठेवला होता. त्या काळात आलेले जॅझ आणि शेजारच्या क्यूबातून रेडिओवर ऐकू येणारे संगीत यांचीही त्यात भर पडली.

या साऱ्यातून 1955 मध्ये नेमूर जाँ-बातिस्त या सॅक्सोफोनवादकाने कोंपा हा प्रकार सिद्ध केला. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील मेरेंगे हा वेगवान नाच हैतीत लोकप्रिय होता. नेमूर यांनी त्याची गती उतरवली, ढोलाचा ठोका अगदी सरळ आणि अखंड ठेवला, त्यावर लोखंडी घंटेचा टणत्कार चढवला आणि सॅक्सोफोन, ट्रम्पेट व अकॉर्डियन, म्हणजे भात्याची हातपेटी, यांना लहान लहान आवर्ती वाक्ये दिली. कोंपाचे गाणे बहुधा दोन भागांत चालते. पहिल्या भागात गायक आपले म्हणणे सांगतो. दुसऱ्यात शब्द मागे पडतात, दोन-तीन वाद्यवाक्ये पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि नाचणारी जोडी जागच्या जागी, फरशीच्या एका चौकोनाबाहेर न जाता, कितीही वेळ झुलत राहू शकते. या संगीताचा जीव त्या दुसऱ्या भागात आहे. नेमूर यांच्याच वाद्यवृंदात पूर्वी वाजवलेल्या वेबेर सिको यांनी पुढे ‘कदांस राम्पा’ नावाने आपली स्वतंत्र धाटणी उभी केली, आणि 1960 च्या दशकात कार्निव्हलच्या दिवसांत या दोघांचे चाहते एकमेकांवर गाणी रचून भांडत. हे भांडण हैतीच्या संगीताला फार मानवले, कारण दोन्ही बाजूंना दरवर्षी नवे काही आणावे लागे.

आपल्याकडे आलेला ठेका मात्र क्यूबामार्गे आला, आणि हैतीतून क्यूबात जे गेले ते कोंपाच्याही पुष्कळ आधी गेले होते. 1791 नंतरच्या धामधुमीत सेंट-डोमिंगमधील मळेवाले, त्यांच्याबरोबर आणलेले गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबे असे हजारो लोक समुद्र ओलांडून पूर्व क्यूबातील सांतियागो परिसरात गेले. तिथे त्यांच्या वंशजांचे ‘तुम्बा फ्रान्सेसा’ हे ढोलनृत्य आजही टिकून आहे. क्यूबन कादंबरीकार आणि संगीत-इतिहासकार आलेहो कार्पेंतियेर यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सिंकियो नावाचा पाच आघातांचा ठेका याच लोकांबरोबर क्यूबात आला. पुढच्या काही अभ्यासकांनी या मताला मुरड घातली असली, तरी त्या स्थलांतराचा क्यूबाच्या संगीतावर खोल ठसा उमटला हे सर्वमान्य आहे. 1879 मध्ये मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे यांनी दान्सोन हे नृत्य लोकांपुढे आणले, त्याचा कणा हाच ठेका होता. 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉन आस्पियासू यांच्या क्यूबन वाद्यवृंदाने शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले, ते जगभर गाजले आणि क्यूबातले सारेच नृत्यसंगीत ‘रुंबा’ या एकाच नावाने लंडन, पॅरिस आणि मुंबईच्या हॉटेलांत पोहोचले.

मुंबईत ते उचलले गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत आणि तिथे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोट भरण्यासाठी मुंबईत आलेल्या या तरुणांना ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय जॅझवादकांच्या शेजारी बसून वाजवण्याची संधी 1930 च्या दशकात मिळाली. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते ट्रम्पेट वाजवत आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओस पडू लागल्या, आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. हिंदी चित्रपटसंगीताचा नाद पन्नाशीच्या दशकात अचानक भरघोस झाला, त्यामागे या स्थलांतराचा फार मोठा वाटा आहे. पडद्यावर या माणसांची नावे क्वचितच झळकली. मुंबईच्या संगीताच्या इतिहासातील हा अन्याय अजून पुरता भरून निघालेला नाही.

या वादकांच्या हाती जे बळ होते त्याचा पुरेपूर उपयोग करून घेणारा संगीतकार मराठी होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा जन्म 1918 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. योगायोग असा की हैतीचे नेमूर जाँ-बातिस्त हेही 1918 सालचेच. सी. रामचंद्रांनी गाण्याचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे घेतले होते. 1947 च्या ‘शहनाई’पासून त्यांनी पाश्चात्त्य नृत्यताल उघडपणे वापरायला सुरुवात केली. 1950 च्या ‘समाधी’मधले ‘गोरे गोरे’ हे गाणे तर त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या एका लॅटिन अमेरिकी चालीवर आधारलेले आहे. त्यानंतरच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरीच्या बाह्यांचे क्यूबन धाटणीचे सदरे घालून या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. बोंगो, म्हणजे गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवायची छोट्या ढोलांची जोडी, आणि मराकास, म्हणजे आत दाणे भरलेले खुळखुळे, ही वाद्ये हिंदी चित्रपटांत रुळवणाऱ्यांत कावस लॉर्ड हे पारशी वादक अग्रभागी होते.

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव यांचा जन्म 1913 मध्ये अमरावतीत झाला. वडील गिरणी कामगार; भगवानदादा वाढले ते मुंबईच्या गिरणगावात. त्यांना नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण नव्हते आणि अंगकाठीही नर्तकाची नव्हती. खांदे किंचित उचललेले, कोपरातून हलणारे हात, गुडघ्यात हलका मुडप, आणि पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकीच पावले, एवढ्यावर त्यांचा नाच उभा होता. पाहणाऱ्याला पहिल्याच खेपेला वाटे, की हे तर आपल्यालाही जमेल. गिरणीतून सुटून आलेल्या, दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला जमेल असा तो नाच होता, आणि गणपतीच्या मिरवणुकीत तो मुंबईपासून वऱ्हाडापर्यंत पसरला. पुढच्या पिढीत अमिताभ बच्चन यांच्या नाचातही त्याची छाप दिसते. कोंपाचा नाचही नेमका याच जातीचा आहे: पाऊल लहान, कंबर सैल, दम न लागता रात्रभर चालणारा. ज्या नाचासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो त्याचे संगीत थोडेच लोक जपतात; जो नाच बघता बघता अंगात येतो त्याचे संगीत नाचणारेच पुढच्या पिढीला देतात, आणि तेही नकळत.

तरीही पावले लहान असणे एवढ्याने परका ठेका आपला होत नाही. त्याचे खरे कारण तालाच्या बांधणीत आहे आणि ते बोटांवर मोजून पाहता येते. आठ मात्रा मोजाव्यात. सैन्याच्या कवायतीच्या संगीतात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठाशीव आघात पडतो, म्हणजे आठाचे चार-चार असे दोन समान तुकडे होतात आणि पाऊल डावे-उजवे सरळ पडते. कॅरिबियन संगीतात आठाचे तीन, तीन आणि दोन असे तुकडे होतात, म्हणजे आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर येतात. हैतीतून क्यूबात गेल्याचे मानले जाणाऱ्या सिंकियो ठेक्यात पाच आघात असतात: पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर. दोन्हींत पाचवी मात्रा रिकामी असते. कवायतीचे पाऊल जिथे जोराने आपटते, नेमक्या तिथे इथे पोकळी असते, आणि ती पोकळी भरण्यासाठी शरीर आपोआप झुलते.

आता वारकऱ्यांचा भजनी ठेका घ्यावा. त्याच्या एका रूढ बांधणीत ‘धिं ना ऽ धिं ऽ धिं ना ऽ’ असे बोल येतात, म्हणजे आघात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर. हैतीच्या ठेक्याशी ताडून पाहिले तर पाचांपैकी चार आघात जागच्या जागी जुळतात. फरक राहतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेपुरता. पाचवी मात्रा इथेही रिकामीच. यावरून या दोन तालांचे कूळ एक आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. दोघांचा इतिहास स्वतंत्र आहे. पण शेगावहून पंढरपूरकडे निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीत मृदंगाच्या साथीने पावली खेळणाऱ्या, म्हणजे टाळ वाजवत ठेक्यावर पुढे-मागे पावले टाकणाऱ्या, वारकऱ्याचे शरीर त्या रिकाम्या पाचव्या मात्रेला आधीपासूनच सरावलेले असते. अशा कानांवर आणि अशा पायांवर रुंबा आला, तेव्हा त्या वारकऱ्याला नवे वाटले असतील ते ट्रम्पेट आणि बोंगो यांचे आवाज. झुलण्याची रीत त्याच्या घरचीच होती. चित्रपटांतल्या तालवादकांनाही हे उमगलेले दिसते, कारण ते बोंगोच्या जोडीला ढोलक ठेवत आणि केरव्याच्या आठ मात्रांत कॅरिबियन आघात इतक्या सहज मिसळत की सांधा कुठे आहे ते सापडत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात ही गाणी येण्याचे मार्ग तसे आधीच घालून ठेवलेले होते. कापसाच्या व्यापारासाठी जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा 1870 मध्येच सुरू झाली होती आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावर होती. ‘अलबेला’ आला तेव्हा हा जिल्हा अजून मध्य प्रदेश राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला 1956 मध्ये. पण चित्रपटांच्या रिळांचे डबे राज्याची सीमा मोजत नसत. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. केसकर स्वतः संगीताचे जाणकार होते आणि शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. तथापि नाचायला लावणारे संगीत हीन असते ही त्यांची समजूत हैतीतल्या दिवाणखान्यांच्या समजुतीपेक्षा फारशी वेगळी नव्हती, आणि दोन्हीकडे लोकांनी ती मानली नाही.

गाणी खऱ्या अर्थाने गावात रुजवली ती बँडवाल्यांनी. डफडे, सनई आणि संबळ पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेल्या मातंग व अन्य समाजांतील वादकांनी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट हाती घेतले, स्वरलिपी न वाचता केवळ कानाने चाली उचलल्या आणि ज्या ट्रम्पेटच्या जागा चिक चॉकलेट यांनी स्टुडिओत वाजवल्या होत्या त्या आपापल्या पद्धतीने वरातीत आणल्या. त्यांच्या हातात रुंबा तसाच राहिला नाही. बोंगोचे काम ताशाकडे आले, खुळखुळ्यांची जागा झांजांनी घेतली आणि चाल रस्त्याच्या वेगाला जुळवून घेतली गेली. वऱ्हाडात आणखी एक प्रवाह त्याला मिळाला, तो संदलचा. दर्ग्याच्या उरुसात चंदनाचा लेप वाजतगाजत नेण्याच्या मिरवणुकीला संदल म्हणतात; जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास जी मोठी यात्रा भरते तिच्यात सर्व धर्मांचे लोक या मिरवणुकीला येतात. पुढे विदर्भात संदल हे मिरवणुकीत वाजणाऱ्या ढोलपथकाचेही नाव झाले आणि ते लग्नांतही वाजू लागले. उपासनेतला ढोल नाचाच्या संगीतात येणे ही हैतीच्या संगीताच्या इतिहासातली मध्यवर्ती घटना आहे. वऱ्हाडात ती गाजावाजा न होता घडली आणि तिची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

जुन्या तबकड्यांचे आकर्षण केवळ ठेक्यात नाही, त्यांच्या नादातही आहे. पन्नाशीच्या दशकात पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये काय किंवा मुंबईत काय, सारे वादक एका खोलीत जमत आणि मोजक्या मायक्रोफोनांसमोर संपूर्ण गाणे एका दमात वाजवत. मोठ्या आवाजाचे वाद्य मागे आणि नाजूक वाद्य पुढे, अशी माणसांची मांडणी हेच ध्वनिमिश्रण असे. कोणी चुकला तर सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. त्यामुळे प्रत्येकाचा कान शेजाऱ्याकडे लागलेला असे. गाणे रंगात आले की गती कणभर वाढे, गायक श्वास घेताना ढोल कणभर थांबे, आणि हे सगळे तबकडीत उतरे. आज प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून संगणकाच्या ठोक्यावर बसवले जाते, तेव्हा नादाची स्वच्छता वाढते, पण माणसे एकमेकांना ऐकत आहेत ही जाणीव हरवते. जुन्या कोंपाच्या किंवा ‘अलबेला’च्या मुद्रणातली खरखर सोसूनही ते ऐकावेसे वाटते ते या जाणिवेमुळे. मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी सुमारे तीन मिनिटांचीच असे, ही मर्यादाही कामाला आली. तेवढ्यात जे सांगायचे ते नेमके सांगावे लागे. पुढे लांब तबकड्या आल्यावर हैतीच्या वाद्यवृंदांनी तो दुसरा, झुलण्याचा भाग मनमुराद वाढवला, आणि तेही योग्यच झाले.

यांतले बरेच नष्ट झाले आहे. भगवानदादांच्या अनेक चित्रपटांची रिळे आगीत गेली. 2002 मध्ये दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले तेव्हा एकेकाळचे वैभव केव्हाच सरले होते; 2016 मध्ये मराठीत ‘एक अलबेला’ हा त्यांच्यावरचा चित्रपट आला, ही त्यांच्या चाहत्यांसाठी समाधानाची गोष्ट. हैतीत दुवालिये पिता-पुत्रांच्या 1957 ते 1986 या राजवटीत पुष्कळ वादक न्यूयॉर्क, मायामी आणि माँट्रियल येथे निघून गेले आणि त्यांचे संगीत परदेशांत वाढले. वऱ्हाडातल्या बँडवाल्यांची वादनशैली तर तबकडीवर फारशी आलीच नाही. डीजेच्या भिंतींनी त्यांचे काम हिरावले असले तरी जुनी गाणी क्लॅरिनेटवर तोंडपाठ वाजवणारे वयस्कर वादक अजून आहेत. त्यांचे वादन आता भ्रमणध्वनीवरही चांगले टिपता येते. त्यासाठी संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही, लग्नघरातल्या एखाद्या तरुणाने वादकांची संमती घेऊन, त्यांची नावे व गाव नोंदवून, हे काम केले तरी पुरेसे आहे.

ज्याला हैतीचे संगीत ऐकायला सुरुवात करायची आहे त्याने आधी नेमूर जाँ-बातिस्त यांचे 1960 च्या आसपासचे मुद्रण घ्यावे आणि लोखंडी घंटेवर कान ठेवावा. त्यानंतर काप-आयसियाँ या उत्तरेकडील शहरात 1948 मध्ये स्थापन झालेला आणि पिढ्या बदलत चालू राहिलेला ‘सेप्तांत्रिओनाल’ हा वाद्यवृंद ऐकावा. त्याच्या सॅक्सोफोनांचा एकत्र नाद ‘अलबेला’च्या वाद्यमेळाची आठवण करून देईल. मग 1968 मध्ये सुरू झालेल्या ‘ताबू काँबो’ची गिटारप्रधान गाणी घ्यावीत, ज्यांनी 1970 च्या दशकात फ्रान्सलाही नाचवले. ऐकताना बोटांवर आठ मात्रा मोजाव्यात आणि पाचव्या मात्रेला टाळी न देता हात मोकळा सोडावा.